घरटेसाहित्य (पक्षी)

अंडी घालण्यासाठी व पिल्ले वाढविण्यासाठी पक्षी जे घरटे बांधतात, त्याकरिता परिसरातून गोळा केलेल्या पदार्थांना घरटेसाहित्य म्हणतात. यात काटक्या, गवत, पानांच्या चिरफाळ्या, मुळे, साल, कापूस, पिसे, केस, कोळ्याचे जाळे, चिखल आणि अलीकडच्या काळात दोरा, तार व प्लास्टिक यांचा समावेश होतो. मानवी वस्तीजवळ राहणाऱ्या रानपक्ष्यांचे बहुतेक घरटेसाहित्य बागा, शेते, बांध, विहिरींचे काठ आणि गोठे येथून मिळते. शेतकरी ज्याला तण म्हणतो आणि बागमालक ज्याला केरकचरा समजतो, त्याच वस्तू पक्ष्यांच्या दृष्टीने बांधकामाचा माल असतात. त्यामुळे शेती व बागकामाच्या पद्धतींत झालेला बदल घरट्यांतही उमटलेला दिसतो. या लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील बागांत व शेतांत आढळणाऱ्या पक्ष्यांचा विचार केला आहे.

साहित्याची कार्ये

घरट्यातील प्रत्येक पदार्थाचे काम वेगळे असते. स्थूलमानाने घरट्याचे चार भाग मानता येतात. सर्वच पक्ष्यांच्या घरट्यात हे चारही भाग असतातच असे नाही.

आधार: घरटे फांदीला, दुबेळक्याला किंवा भिंतीला धरून ठेवणारा भाग. यासाठी जाड काटक्या, चिवट साल किंवा चिखल वापरतात.

सांगाडा: घरट्याला आकार देणारा भाग. यात गवताच्या काड्या, बारीक डहाळ्या, मुळे व पानांच्या पट्ट्या असतात.

अस्तर: अंडी व पिल्ले ज्यावर विसावतात तो मऊ थर. कापूस, सावरीची किंवा रुईची म्हातारी, पिसे, केस व बारीक गवत यांचे अस्तर अंड्यांची ऊब टिकविते.

बाह्यावरण: घरटे सहज ओळखू येऊ नये म्हणून बाहेरून लावलेले सालीचे तुकडे, दगडफूल, सुकी पाने किंवा अळ्यांची विष्ठा.

या भागांना एकत्र धरणारा सर्वांत महत्त्वाचा पदार्थ म्हणजे कोळ्याचे जाळे. ते हलके, चिकट आणि ताणले जाणारे असते. पिल्ले मोठी होऊ लागली की जाळ्याने बांधलेले घरटे थोडे सैलावते, पण तुटत नाही. शिंजीर, सुभग, नाचण, चष्मेवाला आणि फुलटोच्या हे लहान पक्षी जाळ्याशिवाय घरटे बांधू शकत नाहीत असे म्हटले तरी चालेल. बागेतील कोळी नाहीसे झाल्यास या पक्ष्यांचा बांधणीचा धागाच नाहीसा होतो.

संकलनाची पद्धत

पक्ष्यांना साहित्य गोळा करण्यासाठी चोच व पाय हीच साधने असतात. बहुतेक पक्षी चोचीतून एका वेळी एक किंवा थोड्याच काड्या नेतात. त्यामुळे एका घरट्यासाठी शेकडो फेऱ्या कराव्या लागतात. साहित्य जितके जवळ, तितका वेळ व श्रम वाचतो आणि घरटे सोडून दूर जाण्याचा धोकाही कमी होतो.

साहित्य मिळविण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. होला जमिनीवर फिरून सुटी काडी उचलतो. कावळा झाडावरची वाळलेली काटकी चोचीने मोडून घेतो. सुगरण गवताच्या हिरव्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडते, ते टोक धरून उडते आणि पात्याची लांब चिरफाळी सोलून काढते. पाकोळी हवेत तरंगणारी पिसे व गवताचे तुकडे उडता उडताच टिपते आणि लाळेच्या साह्याने छताला चिकटविते. भिंगरी ओढ्याच्या, डबक्याच्या किंवा कालव्याच्या काठी उतरून ओल्या चिखलाच्या गोळ्या चोचीतून नेते.

श्रमविभागणीही प्रजातीनुसार बदलते. सुगरणीत विणकाम नर करतो. शिंजिरात घरटे मुख्यतः मादी बांधते. होला व पारवा यांच्यात नर काड्या आणून देतो आणि मादी बसल्या जागी त्या रचते. गायबगळ्यांतही नर काटकी आणतो व मादी ती रचते. गायबगळ्यांच्या सारंगागारात, म्हणजे एकाच झाडावरील अनेक घरट्यांच्या वसाहतीत, शेजारच्या घरट्यातील काटकी पळविण्याचे प्रकार नेहमी घडतात. सुगरणीच्या वसाहतीतही अशी चोरी होते.

ऋतुमान

घरटे बांधण्याचा काळ पिल्लांना लागणारे अन्न आणि घरटेसाहित्य या दोहोंशी निगडित असतो. उन्हाळ्यात, साधारण एप्रिल-मे महिन्यांत, काटेसावरीची बोंडे उकलून कापूस वाऱ्यावर उडू लागतो. रुईच्या फळांतूनही रेशमी तंतू बाहेर पडतात. मऊ अस्तर लागणाऱ्या पक्ष्यांना हे साहित्य याच सुमारास विपुल मिळते. कावळे पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत काटक्या जमवू लागतात.

सुगरण व मुनिया यांचा हंगाम मात्र पावसाळ्याचा आहे. त्यांना हिरवे, लवचिक गवत लागते. वाळलेले पाते विणता येत नाही, ते मोडते. पाऊस पडून बांधावरचे गवत, भाताची रोपे, ऊस व बाजरी यांची पाती लांब झाली की विणकाम सुरू होते. चिमणीची वीण मात्र वर्षाच्या बहुतेक महिन्यांत चालू असल्याने ती मिळेल ते साहित्य वापरते.

शेतशिवारातील पक्षी

सुगरण (प्लोसियस फिलिपिनस): घरटेसाहित्याच्या दृष्टीने सर्वाधिक अभ्यासलेला भारतीय पक्षी. विहिरीवर झुकलेली बाभूळ, शिंदी, माड अशा झाडांवर नर लोंबते घरटे विणतो. मराठीत या घरट्याला खोपा म्हणतात. भात, उंच गवत आणि ताडवर्गीय झाडांच्या पानांतून काढलेल्या सुमारे २० ते ६० सेंटिमीटर लांबीच्या चिरफाळ्या त्यासाठी वापरल्या जातात. एक खोपा पूर्ण करण्यासाठी नर सुमारे ५०० फेऱ्या करतो. निम्मे काम झाले की खोप्याला शिरस्त्राणासारखा आकार येतो. या अवस्थेत माद्या येऊन पाहणी करतात. मादीने पसंत केल्यावरच नर अंड्यांची खोली व खालची नळी पूर्ण करतो, अन्यथा खोपा अर्धवट राहतो. आतील मऊ अस्तराचे काम मादी करते. याच अवस्थेत नर खोप्याच्या आतल्या बाजूस ओल्या चिखलाचे गोळे लावतो. त्याच्या प्रयोजनाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३०च्या सुमारास रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण केले. एक नर एकामागून एक खोपे बांधून क्रमाने अनेक माद्यांशी जोडी जमवितो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मुनिया: ठिपकेवाली मुनिया गवताची लांब पाती चोचीत धरून उडताना सहज दिसते. गवत व बांबूच्या पानांचे गोलाकार, बंद घरटे ती दाट झुडपात बांधते. पांढऱ्या कंठाची मुनिया पुष्कळदा सुगरणीच्या सोडलेल्या खोप्यात राहते. त्यामुळे जुने खोपे हेसुद्धा एक प्रकारचे घरटेसाहित्यच ठरतात.

टिटवी: ही नांगरलेल्या किंवा पडीक जमिनीत उथळ खळगा करून त्याभोवती खडे व शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या गोळा करते. अंड्यांचा रंग या खड्यांशी इतका मिळताजुळता असतो की जवळ जाऊनही ती चटकन दिसत नाहीत.

चिरक: बांधाच्या दगडांतील सांदीत, भिंतीच्या छिद्रात किंवा मातीच्या दरडीत हा पक्षी गवताचे घरटे करून त्याला जनावरांच्या केसांचे अस्तर लावतो. त्यात सापाच्या कातेचे तुकडेही आढळतात.

कोतवाल व हळद्या: शेताच्या कडेच्या आंबा, कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर यांची घरटी असतात. कोतवालाचे घरटे बारीक काड्यांची उथळ वाटी असते व ती जाळ्याने बांधलेली असते. हळद्या दुबेळक्यात गवत व सालीच्या पट्ट्यांची झोळी टांगतो.

बागेतील पक्षी

शिंपी (ऑर्थोटोमस सुटोरियस): रुंद पानांच्या झुडपांवर एक मोठे पान वळवून किंवा दोन-तीन पाने जवळ आणून हा त्यांच्या कडा शिवतो. चोचीने भोक पाडून त्यातून कापसाचा, जाळ्याचा किंवा वनस्पतीचा तंतू ओवला जातो. बाहेरच्या बाजूस तंतूचे टोक फुगून अडकते, त्यामुळे गाठ मारावी लागत नाही. हा टाका शिवणापेक्षा खिळ्यासारखा काम करतो. पान झाडापासून तोडलेले नसल्यामुळे ते हिरवे राहते आणि घरटे झाकले जाते. पानांच्या या पिशवीत कापूस व मऊ तंतूंचे अस्तर असते.

शिंजीर: जांभळा शिंजीर व जांभळ्या पाठीचा शिंजीर हे दोन्ही बागेत नेहमी आढळतात. वेलीच्या टोकाला, तारेला किंवा ओसरीतील दोरीलाही त्यांचे लांबट लोंबते घरटे असते. जाळे, बारीक तंतू, सालीचे तुकडे व सुकी पाने यांनी बनलेले हे घरटे एखाद्या लटकलेल्या कचऱ्यासारखे दिसते. याच दिसण्यामुळे ते शत्रूच्या नजरेतून सुटते आणि याच दिसण्यामुळे साफसफाई करताना माणसाकडून काढूनही टाकले जाते.

बुलबुल: लालबुड्या बुलबुल व शिपाई बुलबुल कुंपणाच्या झुडपात किंवा गच्चीतील कुंडीत डहाळ्या, मुळे व जाळे यांची वाटी करतात. शिपाई बुलबुलाच्या घरट्यात बाहेरून सालीच्या पट्ट्यांबरोबर कागद व प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडेही गुंफलेले दिसतात.

चिमणी (पॅसर डोमेस्टिकस): वळचणीत, भिंतीच्या भोकात किंवा दिव्याच्या खोबणीत गवत, पेंढा, पिसे, दोरे व चिंध्या यांचा ढीग करते. कोलकाता येथील निरीक्षणांत चिमण्या घरट्यात कडुनिंबाची पाने आणत असल्याचे नोंदले गेले आहे. कडुनिंबातील कीटकरोधक गुणामुळे घरट्यातील परजीवी कमी होत असावेत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

कावळा (कॉर्व्हस स्प्लेंडेन्स): काटक्यांचे मोठे, ओबडधोबड घरटे बांधतो. शहरांत लोखंडी व विजेच्या तारांचे तुकडे तो सर्रास वापरतो.

सर्वच पक्षी साहित्य जमवीत नाहीत. तांबट, पोपट व सुतार यांना झाडाची ढोली पुरते. राखी धनेशाची मादी ढोलीत बसून विष्ठा व माती यांनी तिचे तोंड लिंपून घेते आणि नराने अन्न देण्यापुरती फट शिल्लक ठेवते. या पक्ष्यांसाठी वाळलेले किंवा पोकळ झाड हेच घरटेसाहित्य होय.

शेती व बागकामातील बदल

बांधावरचे पवना, मारवेल, कुसळी यांसारखे गवत हा सुगरण, मुनिया व वटवट्या यांचा साहित्याचा मुख्य साठा आहे. तणनाशकाने बांध स्वच्छ केले, पाचट जाळले किंवा शेतरस्त्यांसाठी बांधच काढून टाकले की हा साठा संपतो. विहिरीवरची बाभूळ तोडल्यावर खोपे टांगण्याची जागाही जाते. कपाशीच्या प्रदेशात, म्हणजे विदर्भ, मराठवाडा व खानदेशात, वेचणीनंतर पऱ्हाट्यांना चिकटून राहिलेला कापूस लहान पक्ष्यांना अस्तरासाठी उपयोगी पडतो. कीटकनाशकांच्या फवारणीने किडींबरोबर कोळीही मरतात आणि त्यांच्या जाळ्यांवर अवलंबून असलेल्या पक्ष्यांचे साहित्य घटते.

दुसरीकडे नवे, कृत्रिम साहित्य वाढले आहे. शेडनेटचे सुटलेले धागे, पिके बांधण्याची प्लास्टिकची सुतळी, आच्छादनाच्या प्लास्टिक कागदाचे तुकडे आणि खतांच्या पोत्यांचे तंतू शेताच्या कडेला पडून राहतात. शहरांत पतंगाचा मांजा, लोकर, केस व पॅकिंगचे साहित्य मिळते. पक्षी लांब, लवचिक व चिवट वस्तू निवडतात. या कसोटीला नायलॉनचा धागा गवतापेक्षा सरस ठरतो, आणि धोका येथेच आहे. गवत कालांतराने कुजते व तुटते. नायलॉन तुटत नाही. तो पिल्लाच्या पायाभोवती गुंडाळला गेल्यास पाय वाढताना फास आवळत जातो. मोठे पक्षीही अशा धाग्यात अडकून घरट्यालाच लटकून मरतात. प्लास्टिकच्या कागदातून पाणी झिरपत नसल्याने पावसात घरट्यात पाणी साचू शकते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉन व अन्य कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली आहे.

कृत्रिम साहित्याचे परिणाम नेहमी सरळ नसतात. मेक्सिको सिटीमधील चिमण्या व फिंच यांच्या अभ्यासात, सिगारेटच्या थोटकांतील तंतू अधिक असलेल्या घरट्यांत बाह्य परजीवी कमी आढळले. मात्र पुढील अभ्यासात याच थोटकांमुळे पिल्लांच्या रक्तपेशींत जनुकीय हानी होत असल्याचे दिसले. ब्रिटनमध्ये २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टिट पक्ष्यांच्या घरट्यांतील केसांच्या अस्तरात कीटकनाशके आढळली. कुत्र्यामांजरांच्या अंगावरील पिसवा मारण्यासाठी वापरली जाणारी औषधे हा त्यांचा एक स्रोत मानला जातो.

संवर्धन

घरटेसाहित्य पुरविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे काही जागा न झाडता सोडणे, असे पक्षिअभ्यासक सुचवितात. बांधाच्या एका बाजूचे गवत पावसाळा संपेपर्यंत न कापणे, बागेच्या कोपऱ्यात पालापाचोळा व काटक्यांचा ढीग ठेवणे, रुई व काटेसावरीसारखी झाडे राखणे, कोळ्याची जाळी सरसकट न काढणे आणि उन्हाळ्यात भिंगऱ्यांसाठी चिखलाचा ओला तुकडा ठेवणे, या गोष्टी विनाखर्चाच्या आहेत.

बाहेरून साहित्य ठेवायचे झाल्यास सुके गवत, भाताचा पेंढा, काथ्या, न रंगविलेला कापूस व गळालेली पिसे वापरावीत. काथ्या किंवा सुती दोरा बोटभरापेक्षा लांब नसावा. नायलॉन, लोकरीचे लांब धागे, माणसाचे लांब केस आणि औषध लावलेल्या पाळीव प्राण्यांचे केस ठेवू नयेत. झाडाझुडपांची छाटणी करण्यापूर्वी त्यात चालू घरटे नाही याची खात्री करून घ्यावी.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी नष्ट करणे किंवा त्यांची अंडी व घरटी विस्कटणे यांचाही समावेश आहे.

लोकजीवन व साहित्य

मराठी मुलांना सांगितल्या जाणाऱ्या चिऊकाऊच्या कथेत कावळ्याचे घर शेणाचे व चिमणीचे मेणाचे असते आणि पावसात शेणाचे घर वाहून जाते. वास्तवात दोघांचीही घरटी अशी नसतात. तरीही घर कशाचे बांधले यावर ते टिकणे अवलंबून असते, हे त्या कथेचे मर्म घरटेसाहित्याच्या बाबतीत खरेच आहे. घरटे बांधणारा पक्षी व थंडीने कुडकुडणारे माकड यांची कथा पंचतंत्रात आहे. सुगरण खोप्यातील चिखलाला काजवे चिकटवून उजेड करते, अशी समजूत भारतात अनेक ठिकाणी आढळते. तिला निरीक्षणाचा आधार नाही.

खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची सुगरणीच्या खोप्यावरील कविता महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. या कवितेप्रमाणेच मराठी भाषाही विणकामाचे श्रेय मादीला देते. सुगरण हा शब्दच स्त्रीलिंगी असून कुशल गृहिणीसाठीही तोच वापरला जातो. प्रत्यक्षात पात्याची चिरफाळी सोलण्यापासून शेवटच्या विणीपर्यंतचे बहुतेक काम नराचे असते आणि मादीकडे त्याची पारख असते.